तेलकट लेन आणि बॉलचा कव्हरस्टॉक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न टेनपिन बोलिंगबद्दल आहेत. लेन लांबीच्या दिशेने जाणाऱ्या अरुंद पट्ट्यांत, म्हणजे बोर्डांत विभागलेली असते. बोर्डांचे सगळे आकडे उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या हिशेबाने, म्हणजे उजव्या गटरपासून (कडेच्या पन्हळीपासून) मोजलेले आहेत. डावखुऱ्यांनी तेच आकडे डावीकडून मोजावेत आणि प्रश्न १६ आवर्जून वाचावा. घाईत असाल तर आधी प्रश्न ५ बघा, बहुतेक शंका तिथेच मिटतात.

१. कव्हरस्टॉक म्हणजे बॉलचा नेमका कोणता भाग? सगळे कोअरबद्दलच बोलतात, मग याला एवढं महत्त्व का?

कव्हरस्टॉक म्हणजे बॉलचं बाहेरचं कवच. हल्लीच्या बहुतेक बॉलमध्ये ते पाऊण ते एक इंच जाड असतं आणि त्याच्या आत कोअर, म्हणजे गाभा असतो. लेनला फक्त कवच टेकतं, म्हणून घर्षण किती मिळणार हे तेच ठरवतं. बॉल किती फ्लेअर देईल (प्रश्न १० पाहा), किती लवकर गोलाई घेईल हे कोअरकडे, पण त्याआधी पकड मिळायला हवी. यूएसबीसी या अमेरिकेतल्या नियामक संस्थेने बॉलच्या हालचालीचा सविस्तर अभ्यास केला होता. त्यातही पृष्ठभागाचा खरखरीतपणा, लेनवरचं घर्षण आणि तेल शोषण्याचा वेग हेच घटक सर्वात प्रभावी ठरले. जाहिरातीत कोअरची चित्रं मोठी छापतात, कारण कवचाचं चित्र काढायचं म्हटलं तर दाखवायला काहीच नसतं.

२. लेनवर तेल असतं तरी किती आणि कुठे? डोळ्यांना काहीच दिसत नाही.

फाउल लाइनपासून (बॉल सोडायच्या सीमारेषेपासून) पहिल्या पिनपर्यंत ६० फूट अंतर असतं. त्यातल्या सुरुवातीच्या साधारण ३५ ते ४५ फुटांवर तेल असतं आणि पुढचा भाग कोरडा. तेलाच्या मांडणीला पॅटर्न म्हणतात. रोजच्या खेळासाठी घातलेल्या हाउस पॅटर्नमध्ये एका लेनवर बहुधा २० ते २५ मिलीलिटर तेल लागतं, म्हणजे दोन मोठ्या चमच्यांपेक्षाही कमी. ३० मिलीलिटरच्या आसपास गेलं की लेन जड समजायची.

आडव्या दिशेला ३९ बोर्ड असतात. हाउस पॅटर्नमध्ये मधल्या बोर्डांवर थर जाड असतो आणि दोन्ही कडांच्या आठ-दहा बोर्डांवर पातळ. मध्य आणि कड यांचं प्रमाण १० ला १ इतकंही असू शकतं. बॉल बाहेर गेला तर कोरड्यावर पकड घेऊन परत येतो, आत राहिला तर तेलावर सरळ जातो, म्हणजे चूक दोन्हीकडून सांभाळली जाते. स्पर्धेसाठीच्या स्पोर्ट पॅटर्नमध्ये हे प्रमाण ३ ला १ किंवा त्याहून कमी असतं. तिथे चुकीला माफी नाही.

अंदाज घ्यायचे तीन मार्ग आहेत. सेंटरकडे पॅटर्नचा कागद मागा आणि त्यावर लांबी व एकूण मिलीलिटर बघा. कागद नसेल तर परत आलेल्या बॉलवरची तेलाची कडी बोटाने पुसून बघा. तिसरा मार्ग म्हणजे सरावात एक बॉल पाचव्या, एक दहाव्या आणि एक पंधराव्या बोर्डावरून त्याच वेगाने सोडायचा आणि कुठून तो परत फिरतो ते पाहायचं.

३. कव्हरस्टॉकचे प्रकार किती आणि तेलावर प्रत्येक कसा वागतो?

आज वापरात असलेले मुख्य प्रकार तीन, आणि चौथा थोडा मागे पडलेला.

पॉलिएस्टर, म्हणजे बोलीत प्लास्टिक. १९६० च्या सुमारास हे बॉल आले. कवच कठीण आणि गुळगुळीत, तेल शोषत नाही. तेलावर तो जवळपास सरळच जातो. सेंटरमध्ये रॅकवर ठेवलेले बॉल याच जातीचे असतात, आणि "मला हुक (वळता बॉल) जमत नाही" असं म्हणणाऱ्याच्या हातात बऱ्याचदा हाच बॉल असतो.

युरेथेन १९८० च्या दशकात रुळला. तो प्लास्टिकपेक्षा जास्त पकड घेतो, पण तेल फार थोडं आणि फार हळू शोषतो. वळण लवकर सुरू होतं आणि शेवटपर्यंत एकसारखं, गोलसर राहतं. जड तेलावर त्याचं काय होतं ते प्रश्न ९ मध्ये आहे.

रिॲक्टिव्ह रेझिन १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आला आणि खेळच बदलला. मूळ युरेथेनच्या मिश्रणात असे घटक घालतात की कवच घट्ट होताना त्यात सूक्ष्म छिद्रं तयार होतात. ही छिद्रं संपर्काच्या जागेवरचं तेल आत ओढतात, त्यामुळे कवचाला लेन भेटते. कोरड्यावर पोचल्यावर तो युरेथेनपेक्षा कितीतरी जोरात वळतो. तेलकट लेनसाठी बॉल घ्यायचा म्हणजे यातलाच घ्यायचा. त्याचे पोटप्रकार प्रश्न ४ मध्ये आहेत.

पार्टिकल म्हणजे रिॲक्टिव्ह कवचात काचेचे किंवा सिरॅमिकचे बारीक कण मिसळलेला. कणांची टोकं तेलाच्या थरातून खाली लेनपर्यंत पोचतात. एके काळी जड तेलाचं हेच उत्तर होतं. आता रिॲक्टिव्ह मिश्रणंच इतकी ताकदवान झाली आहेत की पार्टिकल क्वचितच दिसतो.

४. सॉलिड, पर्ल आणि हायब्रिड यांत रंगाशिवाय काही फरक असतो का?

असतो. पर्लच्या मिश्रणात अभ्रकासारखं चमकदार द्रव्य असतं. त्यामुळे तेलावर पकड कमी मिळते, बॉल पुढचा भाग घसरत पार करतो आणि कोरड्यावर एकदम कोन बदलतो. सॉलिडमध्ये हे द्रव्य नसतं. तो मधल्या टप्प्यातच लेन पकडू लागतो आणि वळण मऊ, अंदाज बांधता येण्यासारखं येतं. हायब्रिड म्हणजे दोन्हींचं मिश्रण, वागणूकही मधली.

जड तेलावर पहिली निवड सॉलिड, आणि तोही पॉलिश न केलेला. चकचकीत पर्ल तिथे हातात घेतला तर बहुतेक वेळा तो तेल संपल्यावरही घसरतच राहतो आणि उशिरा, अर्धवट वळून पहिल्या पिनच्या उजवीकडे लागतो. मात्र पर्ल हे नाव म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. १००० ग्रिटला (हे आकडे प्रश्न ६ मध्ये) घासलेला ताकदवान पर्ल पॉलिश केलेल्या सॉलिडपेक्षा तेलावर लवकर पकड घेऊ शकतो.

५. माझा रिॲक्टिव्ह बॉल तेलावर नुसता घसरत जातो, वळतच नाही. नवीन बॉल घ्यावा का?

लगेच नाही. खालच्या क्रमाने जा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही.

आधी बॉल स्वच्छ करा. कवचावर तेलाचा थर बसला असेल तर पुढचं सगळं व्यर्थ. मग वेग. उत्साहात वेग वाढतो आणि बॉलला वळायला वेळच मिळत नाही. पावलं शांत करा, बॉल मागे थोडा कमी उंच न्या. मग जागा बदला. पाय आणि निशाणा दोन्ही उजवीकडे एक-दोन बोर्ड सरकवा, म्हणजे बॉल पातळ तेलातून जाईल. हाउस पॅटर्नवर एवढ्यानेच बऱ्याचदा काम होतं.

तरीही नाही वळला तर पृष्ठभाग बदला. चमकणारा बॉल २००० ला आणा, २००० असेल तर १००० ला. प्रो शॉपमध्ये, म्हणजे बोलिंगच्या साहित्याच्या दुकानात, स्पिनरवर (बॉल फिरवणाऱ्या यंत्रावर) हे दहा मिनिटांचं काम आहे आणि नव्या बॉलच्या किमतीपुढे त्याचा खर्च काहीच नाही.

इथपर्यंत सगळं करूनही बॉल सरळच जात असेल तर दोनच शक्यता उरतात. एकतर बॉल तेल पिऊन मेला आहे, त्यासाठी प्रश्न १२ पाहा. नाहीतर त्याचं कवच त्या पॅटर्नसाठी खरोखर कमजोर आहे, आणि तेव्हा मात्र जास्त ताकदीचा सॉलिड घ्या.

६. ५००, २०००, ४००० हे आकडे काय सांगतात?

हे घासायच्या पॅडचे ग्रिट आहेत. आकडा लहान तितके ओरखडे खोल आणि पृष्ठभाग खरखरीत. ॲब्रालॉन पॅड बोलिंगमध्ये सर्रास वापरतात. ३६०, ५००, १०००, २०००, ३००० आणि ४००० हे आकडे नेहमी कानावर पडतात. पॉलिश या सगळ्यांच्या वरची पायरी.

तेलावर खरखरीतपणा का चालतो? पावसातल्या रस्त्यावर टायरच्या खाचा पाण्याला वाट देतात, तसंच हे आहे. ओरखड्यांच्या खोबणीत तेल जातं आणि मधले उंचवटे लेनला भिडतात. गुळगुळीत कवचाखालचं तेल कुठे जाणार? बॉल त्याच्यावरच तरंगतो.

जड तेलासाठी ५०० ते १०००, मध्यम हाउस पॅटर्नसाठी २००० ते ३०००, आणि तेल उडाल्यावर ४००० किंवा पॉलिश, अशी सुरुवात करा. बॉल ज्या फिनिशवर खोक्यातून आला ती कंपनीची सूचना आहे, सक्ती नाही.

७. घरी पॅडने घासायचं असेल तर पद्धत काय?

स्पिनर नसला तरी जमतं, फक्त हात दुखतात. लागणारं साहित्य: पॅड, पाण्याची फवारणी, सुती फडकं, बॉल न घरंगळण्यासाठी रबरी कडं आणि भोकं झाकायला चिकटपट्टी.

बॉल आधी क्लीनरने पुसून कोरडा करा. तेल असताना घासलं तर पॅड भरून जातो आणि कापतच नाही. भोकांवर पट्टी लावा. बॉलचे मनात सहा भाग पाडा: वर, खाली आणि चार बाजू. पॅड ओला करून एका भागावर मध्यम दाबाने ३० सेकंद गोल फिरवा, मग पुढचा भाग. पाणी सतत हवं. कोरडा पॅड चरे पाडतो. सहाही भागांना वेळ आणि दाब सारखाच द्या. नुसता ट्रॅकचा (लेनला टेकणारा) पट्टा घासू नका. पृष्ठभाग बदलायचा तर पूर्ण बॉलचा बदलावा लागतो, नियमही तेच सांगतो.

पायऱ्या गाळल्या तर परिणाम बदलतो. ५०० वरून थेट २००० केलं तर वरचे काठ गुळगुळीत होतात, पण ५०० चे खोल ओरखडे खाली शिल्लक राहतात. असा बॉल ५००, १०००, २००० या क्रमाने नेलेल्या बॉलपेक्षा मधल्या टप्प्यात लवकर पकड घेतो. काही जण हे मुद्दाम करतात. तुम्ही केलंत तर कुठेतरी लिहून ठेवा, कारण नुसतं "२०००" लिहिलं तर पुढच्या वेळी तीच वागणूक मिळणार नाही. पॅडचं वयही बघा. नवा १००० जोरात कापतो, झिजलेला १००० चक्क २००० सारखा वागतो.

आणि हे सगळं स्पर्धा सुरू होण्याआधी. यूएसबीसीच्या नियमांत सामना चालू असताना बॉल घासायला मनाई आहे.

८. तेल जितकं जास्त तितका बॉल खरखरीत, हे सूत्र बरोबर ना?

अर्धंच बरोबर आहे, आणि उरलेल्या अर्ध्यामुळे लोकांचे गुण जातात.

बॉल तीन टप्प्यांतून जातो: स्किड (घसरणं), हुक (वळणं), रोल (गडगडणं). हातातून सुटताना त्याच्याकडे बाजूची फिरकी ठरावीकच असते. घर्षण लवकर मिळालं तर ती फिरकी लवकर खर्च होते, बॉल पॉकेटच्या (पहिल्या आणि तिसऱ्या पिनांमधल्या जागेच्या) कितीतरी आधी रोलमध्ये जातो आणि पुढे नुसता गडगडतो. पॉकेटमध्ये शिरण्याचा कोन साधारण ६ अंशांच्या जवळ असेल तर स्ट्राइकची शक्यता सर्वात चांगली, पण असा दमलेला बॉल पसरट कोनात येतो आणि पिनांनी बाजूला ढकलला जातो.

ओळखायचं कसं? दहावी, म्हणजे मागच्या उजव्या कोपऱ्यातली पिन उभी राहते तेव्हा शेजारच्या सहाव्या पिनकडे बघा. सहावी पिन दहावीच्या मानेभोवतून जोरात उडून गेली तर बॉलमध्ये दम आहे, थोडी जागा बदलायची एवढंच. सहावी पिन सुस्तपणे गटरमध्ये जाऊन दहावीच्या शेजारी आडवी पडली तर बॉल आधीच थकलेला होता. असं दोन-तीनदा दिसलं तर बॉल आणखी खरखरीत करू नका, उलट एक पायरी गुळगुळीत करा. तेलावर घसरणारा बॉल आणि लवकर संपलेला बॉल, दोन्ही शेवटी "वळला नाही" असेच दिसतात. पॉकेटकडे बघून फरक कळत नाही. २५ ते ४० फुटांच्या पट्ट्यात बॉल काय करतो ते पाहावं लागतं.

९. युरेथेन तेलावर चालतो की नाही? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

सगळे आपापल्या परीने खरं सांगत असतात. जड आणि लांब पॅटर्नवर युरेथेन बहुतेकांच्या कामाचा नाही. तेल जवळपास शोषतच नाही, त्यामुळे संपर्काची जागा ओली राहते, आणि कोरडा पट्टा लहान असल्याने वळायला जागाही उरत नाही.

आखूड पॅटर्नवर चित्र उलटं. तेल ३५ फुटांतच संपलं की रिॲक्टिव्ह बॉल कोरड्यावर उसळी घेतो आणि आवरत नाही. युरेथेन तिथे शांतपणे गोल वळतो. ज्यांचे रेव्ह (बॉलचे मिनिटाला फेरे) खूप आहेत त्यांना मध्यम लांबीवरही तो चालतो, कारण पकडीची उणीव त्यांची फिरकी भरून काढते.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी ध्यानात ठेवावी. युरेथेन तेल आत घेत नाही, पुढे वाहून नेतो. दोन-तीन खेळाडू एकाच रेषेवर युरेथेन टाकत असतील तर तिसऱ्या गेमपर्यंत कोरडा पट्टा डागाळतो. प्रश्न १५ मध्ये यावर उपाय आहे.

१०. परत आलेल्या बॉलवर तेलाच्या पंख्यासारख्या कड्या दिसतात. बॉल बिघडलाय का?

नाही, हा फ्लेअर. बॉलचा अक्ष वाटेत सरकत जातो आणि प्रत्येक फेरीत कवचाचा थोडा नवा, कोरडा भाग लेनला टेकतो. तेलावर हे फायद्याचंच आहे. कड्या एकमेकींपासून सुट्या असतील तर फ्लेअर चांगला. सगळ्या एकाच जाड रेघेत आल्या तर बॉल तेल लागलेल्या भागावरच पुन्हा पुन्हा लोळतोय. कड्या बोटांच्या भोकांवरून जात असतील तर "टक टक" असा आवाज येतो. तसं असेल तर ड्रिलिंग करणाऱ्याला दाखवा.

११. प्रत्येक शॉटनंतर बॉल पुसलाच पाहिजे का?

हो. रिॲक्टिव्ह कवच तेल ओढायला लगेच सुरुवात करतं, म्हणून बॉल रॅकवर येताच मायक्रोफायबर टॉवेलने सगळ्या कड्या पुसा. न पुसता टाकलेल्या बॉलला पुढच्या वेळी कमी पकड मिळते आणि तुम्ही विनाकारण पाय सरकवत बसता. यूएसबीसीच्या स्पर्धांत ऑगस्ट २०१९ पासून खेळ चालू असताना फक्त कोरडा टॉवेल चालतो, ओलं काहीही नाही. खेळ संपल्यावर मात्र क्लीनर लावून पुसा, आणि बॉल अजून कोमट असतानाच.

१२. नवा होता तेव्हा मस्त वळायचा, आता मेल्यासारखा झालाय. काय झालं?

दोन गोष्टी एकत्र घडतात. पहिली, पृष्ठभाग बदलतो. लेनवर घासून घासून खरखरीत बॉलचे उंचवटे झिजतात. १००० ला तयार केलेला बॉल काही गेममध्येच त्याहून बराच गुळगुळीत होतो. गंमत म्हणजे पॉलिश केलेला बॉल उलट दिशेने, थोडा निस्तेज होत जातो. याला पॅडच पुरेसा आहे.

दुसरी, छिद्रांत तेल साठतं. जितकं कवच ताकदवान तितकं ते तेल लवकर पितं आणि तितक्याच लवकर तुंबतं. यावर घासून उपयोग नाही, तेल बाहेर काढावं लागतं. ६० ते १०० गेमच्या दरम्यान एकदा तेल काढणं आणि साधारण ६० गेमनंतर पृष्ठभाग नव्याने करणं हा चांगला रिवाज. तेल शोषण्याचा वेग अमर्याद असू नये म्हणून यूएसबीसीने ऑगस्ट २०२० पासून नव्या बॉलसाठी मर्यादा घातली: ठरावीक तेल शोषून घ्यायला किमान २ मिनिटं १५ सेकंद लागले पाहिजेत.

१३. गरम पाण्यात बॉल बुडवून तेल निघतं म्हणतात. सुरक्षित आहे का?

तापमान सांभाळलं तर आहे. आधी बॉलचं वॉरंटीपत्र वाचा, उष्णता दिल्यास हमी रद्द होईल असं काही कंपन्या लिहितात.

सगळ्या भोकांवर पाणी न शिरणारी पट्टी घट्ट लावा. बादलीत ५० ते ५५ अंश सेल्सिअसचं पाणी घ्या. थर्मामीटर वापरा, अंदाज नको. ६० च्या वर कधीही नाही. भांड्यांच्या द्रव साबणाचे चार-पाच थेंब टाका. बॉल पूर्ण बुडेल असा ठेवा आणि २० मिनिटं थांबा. पाण्यावर तवंग दिसेल. बॉल काढा आणि लगेच पुसा; उशीर केला तर थंड होताना वर आलेलं तेल परत आत जातं. ताजं पाणी घेऊन पुन्हा करा. तवंग यायचा थांबेपर्यंत, बहुधा दोन-तीन वेळा. मग खोलीच्या तापमानाला एक दिवस राहू द्या आणि प्रश्न ७ प्रमाणे पृष्ठभाग नव्याने करा.

ओव्हन, हेअर ड्रायर, भांडी धुण्याचं यंत्र, उन्हात उभी केलेली गाडी, हे सगळं टाळा. कवच आणि कोअर वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात. बाहेरून एकदम तापवलं की तडा जातो, आणि तो बहुधा भोकांच्या मधल्या पुलापासून सुरू होतो.

१४. ॲसिटोनने पुसलं तर बॉल जास्त पकड घेतो असं ऐकलंय. खरं का?

तेल निघतं हे खरं, पण कवचही मऊ पडतं. मऊ कवच लेनवर जास्त पसरतं म्हणून पकड वाढते, आणि नेमकी म्हणूनच त्यावर बंदी आहे. १९७३ मध्ये डॉन मॅक्यून यांनी मिथाइल इथाइल कीटोनमध्ये भिजवून मऊ केलेले बॉल वापरले आणि व्यावसायिक दौऱ्यावर त्या एका मोसमात सहा विजेतेपदं मिळवली. त्यानंतर बॉलच्या कठीणपणाची किमान मर्यादा आली. ड्युरोमीटरवर ७२ डी पेक्षा मऊ भरणारा बॉल नियमात बसत नाही. मान्यताप्राप्त क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा, तेवढ्याने काम होतं.

१५. पहिला गेम छान जातो, तिसऱ्यात सगळं बिघडतं. बॉल तोच, मी तोच. का?

लेन तीच राहिलेली नसते. रिॲक्टिव्ह बॉल आपल्या वाटेवरचं तेल उचलत जातात. वाट कोरडी झाली की बॉल लवकर वळून पहिल्या पिनच्या समोर किंवा डावीकडे लागतो. अशा वेळी पाय डावीकडे दोन बोर्ड, निशाणा डावीकडे एक बोर्ड सरकवा. दोन-तीनदा सरकूनही तेच झालं तर बॉल बदला, जास्त गुळगुळीत घ्या.

दुसरा बिघाड उलटा असतो. प्लास्टिक आणि युरेथेनने तेल पुढे नेलं की बॉल पुढच्या भागात नीट दिसतो, पण शेवटी वळत नाही. इथे खरखरीत बॉल घ्यायचा मोह होतो. सहसा फसतो, कारण पुढचा भाग आधीच कोरडा पडलेला असतो. त्याऐवजी वाहून नेलेल्या तेलाच्या पट्ट्याच्या आतली किंवा बाहेरची रेषा शोधा. नाहीच मिळाली तर कोन लहान ठेवून सरळ खेळा.

१६. मी डावखुरा आहे. हे सगळं मलाही लागू का?

पदार्थांचं वागणं तेच, लेनचा कालक्रम वेगळा. डावीकडून खेळणारे कमी असतात, त्यामुळे तुमच्या बाजूचं तेल हळू उडतं आणि सुरुवातीचा बॉल जास्त वेळ चालतो. पण लेन जड असेल तर ती तुमच्यासाठी जडच राहते. उजव्या हाताच्या मित्राने दुसऱ्या गेमला पर्ल काढला म्हणून तुम्ही काढू नका. आणि तुमच्या बाजूला आणखी एकच डावखुरा असेल आणि तो युरेथेन टाकत असेल, तर पुढे वाहिलेलं तेल साफ करायला दुसरं कोणी नसतं.

१७. पॅटर्न लांब पण तेल कमी, किंवा आखूड पण तेल भरपूर. मग कव्हर कशावरून निवडायचं?

मिलीलिटरवरून कवचाची ताकद ठरवा, लांबीवरून वळणाचा आकार. तेल भरपूर असेल तर शोषणारं, खरखरीत कवच हवं, पॅटर्न कितीही फुटांचा असो. लांब पॅटर्नवर कोरडा पट्टा लहान, म्हणून लवकर वळू लागणारा सॉलिड. आखूड पॅटर्नवर शेवटचा पट्टा मोठा, म्हणून उसळी न घेणारं कवच. आखूड आणि भरपूर तेल असेल तर पर्लपेक्षा खरखरीत युरेथेन किंवा मध्यम ताकदीचा सॉलिड आधी करून बघा.

बॉल तेलातून कुठे बाहेर पडावा यासाठी ३१ चा नियम वापरतात: पॅटर्नच्या लांबीतून ३१ वजा करा. ४० फुटांना नववा बोर्ड. चीता ३५ या पॅटर्नला चौथा, म्हणजे जवळपास गटरची कड. पण बॅजर ५२ ला उत्तर येतं २१, आणि पॉकेट तर साडेसतराव्या बोर्डावर! टोकाच्या लांबीवर हा नियम फक्त "बॉल बाहेर नेऊ नकोस" एवढंच सांगतो, बोर्ड शब्दशः घेऊ नये.

१८. मित्राचा बॉल घेतला, त्याचा भन्नाट वळतो, माझ्या हातून सरळ जातो. असं कसं?

वेग आणि रेव्ह यांचं नातं वेगळं आहे. ताशी १८ मैल वेग आणि मिनिटाला २५० रेव्ह असणाऱ्याचा बॉल घर्षण मिळण्याआधीच पुढे निघून जातो. त्याला एक पायरी जास्त ताकदवान किंवा एक ग्रिट खरखरीत बॉल लागतो. १६ मैल आणि ४०० रेव्हवाल्याचं बरोबर उलट, तोच बॉल त्याच्या हातात लेनच्या मध्येच संपेल. म्हणून "जड तेलाचा बॉल" हे लेबल कोणाच्या हातून, हे विचारल्याशिवाय अपुरं आहे. भोकांची मापं तुमची नसतील तर सुटण्यातही फरक पडतो, तो वेगळा विषय.

१९. स्पेअरसाठी (पहिल्या बॉलनंतर उरलेल्या पिना पाडायला) प्लास्टिकच का? रिॲक्टिव्ह सरळ टाकला तर चालणार नाही?

तेल असेपर्यंत चालतो, शेवटच्या कोरड्यावर दगा देतो. दहाव्या पिनवर तिरकं मारताना बॉल जड तेलातून शेवटी कोरड्यावर येतो आणि रिॲक्टिव्ह कवच नेमकं तिथे पकड घेतं. प्लास्टिक पॉलिश करून ठेवा. खरखरीत झालेला प्लास्टिकही थोडा वळतो.

२०. पॅटर्नचा कागद अगदी तोच, पण दुसऱ्या सेंटरमध्ये माझा बॉल वेगळाच वागतो. कागद खोटा?

कागद बहुधा खरा असतो. पण त्यावर तेलाखालचं लेनचं रूप लिहिलेलं नसतं. जुनी लाकडी लेन आणि सिंथेटिक लेन यांचं घर्षण वेगळं, आणि वर्षानुवर्षं खेळून झिजलेल्या सिंथेटिक लेनचं आणखी वेगळं. लेन पूर्ण सपाटही नसते. कुठे किंचित उतार, कुठे किंचित खोलगट, आणि तेवढ्याने बॉल एक-दोन बोर्ड सहज सरकतो. शिवाय तेलाची चिकटाई निरनिराळी असते आणि ती तापमानाप्रमाणेही बदलते. यंत्राची देखभाल बरी नसेल तर कागदावरचे मिलीलिटर लेनवर उतरतातच असं नाही.

अशा ठिकाणी एकाच तयारीवर विसंबू नका. एकसारख्या ताकदीचे दोन बॉल असतील तर एक १००० ला आणि दुसरा ३००० ला ठेवून न्या. सरावाची पहिली पाच मिनिटं १००० वाला टाका. तो ३० फुटांच्या आतच वळायला लागला तर पिशवीत घाला आणि ३००० वाल्याने सुरुवात करा.